इंटेल६४ फॅमिली ६ मॉडेल ४४ स्टेपिंग २ : हा नेमका कोणता झिऑन?

केबलगुंता

नमस्कार मंडळी,

एक जुना सर्व्हर गळ्यात पडलाय. आधी सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला, मागे कागदपत्रं शून्य. त्याने कधीतरी 'सिस्टिमइन्फो' कमांड चालवून सेव्ह केलेली एक टेक्स्ट फाइल तेवढी सापडली. त्यातला कामाचा भाग देतो:

प्रोसेसर : २ प्रोसेसर इन्स्टॉल्ड
[०१] : इंटेल६४ फॅमिली ६ मॉडेल ४४ स्टेपिंग २ जेन्युइनइंटेल ~२६६० मेगाहर्ट्झ
[०२] : इंटेल६४ फॅमिली ६ मॉडेल ४४ स्टेपिंग २ जेन्युइनइंटेल ~२६६० मेगाहर्ट्झ
एकूण फिजिकल मेमरी : ४९,१४१ एमबी
ओएस : विंडोज सर्व्हर २००८ आर२ एंटरप्राइज

मशीन चालू आहे, लांब कुठेतरी रॅकमध्ये आहे, बंद करून झाकण उघडायची परवानगी नाही. लॉगिन मागितलंय, अजून मिळालेलं नाही. त्यावर ईएसएक्सआय (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीनं चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) टाकून टेस्टिंगसाठी वापरायचा विचार आहे, म्हणून आत नक्की कोणता प्रोसेसर आहे ते आधी कळायला हवं. एक सहकारी 'इंटेल६४' वाचून म्हणाला हा आयटेनियम (इंटेलचाच, पण वेगळ्या घराण्यातला ६४ बिटी प्रोसेसर) आहे, नाद सोड. खरंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शून्यएक

त्याच फाइलमध्ये वरच्या बाजूला 'सिस्टिम मॅन्युफॅक्चरर' आणि 'सिस्टिम मॉडेल' अशा दोन ओळी असतात. त्या टाका, निम्मं काम तिथेच होईल.

केबलगुंता

दोन्हीत एकच मजकूर आहे : 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.'

शून्यएक

वा. म्हणजे असेंबल केलेलं मशीन, आणि जोडणाऱ्याने रकाने भरायचे कष्ट घेतले नाहीत. मग वाट लांबची आहे.

जुनं लोखंड

लांबची नाही, फक्त दोन वळणांची आहे.

आधी आयटेनियमचं भूत उतरवू. आयटेनियम असता तर विंडोजने 'आयए६४' लिहिलं असतं. 'इंटेल६४' म्हणजे आपला नेहमीचाच ६४ बिटी एक्स८६. एएमडीच्या मशीनवर त्याच जागी 'एएमडी६४' येतं, आणि ३२ बिटी विंडोज असेल तर कंपनी कोणतीही असो, नुसतं 'एक्स८६' येतं. सहकाऱ्याला चहा पाजा आणि विषय संपवा.

आता फॅमिली ६. यातून काहीही कळत नाही. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलने हाच आकडा धरलाय. मधे पेंटियम ४ च्या काळात फॅमिली १५ झाली होती, पण कोअर २ आल्यावर गाडी परत ६ वर आली. म्हणजे 'फॅमिली ६' वाचून तुम्हाला एवढंच कळलं की हा पेंटियम ४ च्या घराण्यातला नाही.

खरी माहिती मॉडेलमध्ये आहे. ४४ हा दशमान आकडा, हेक्समध्ये तोच २सी. फॅमिली ६, मॉडेल २सी म्हणजे वेस्टमेअर-ईपी. ३२ नॅनोमीटर, २०१० च्या मार्चमध्ये आलेली झिऑन या सर्व्हर प्रोसेसरांची ५६०० मालिका, सॉकेट एलजीए १३६६. स्टेपिंग म्हणजे त्याच चिपची सुधारित आवृत्ती; २ म्हणजे बी१, दुकानात आलेला माल तोच. त्यामुळे स्टेपिंगवरून इथे आणखी काही गाळता येणार नाही.

मॉडेल ४४ मध्ये कोअर आय७-९८०एक्स आणि झिऑन डब्ल्यू३६०० हेही मोडतात. पण तुमच्याकडे 'दोन प्रोसेसर इन्स्टॉल्ड' आहे. त्या दोघांना एकच क्यूपीआय लिंक (चिपला बाकीच्यांशी जोडणारी वाट) असते, ती चिपसेटकडे जाते, शेजाऱ्याशी बोलायला दुसरी उरत नाही. जोडीने चालतात ते ५६०० वालेच. इथपर्यंत पक्कं.

दुसरं वळण, वेग. या पिढीचं मूळ घड्याळ १३३.३३ मेगाहर्ट्झ. त्याला २० ने गुणलं की २६६६. इंटेल आपल्या यादीत २.६६ लिहितं, चिपच्या आत कोरलेल्या नावात तेच २.६७ असं असतं, आणि विंडोज बूट होताना स्वतः मोजून २६६० सांगतं. म्हणून तर मागे ती '~' अशी नागमोडी खूण. तिन्ही आकडे एकाच वेगाचे. ५६०० मालिकेत या वेगाचे दोन जण :

एक्स५६५० : ६ कोअर, १२ थ्रेड, ९५ वॅट, क्यूपीआय ६.४, मेमरी १३३३ पर्यंत.
ई५६४० : ४ कोअर, ८ थ्रेड, ८० वॅट, क्यूपीआय ५.८६, मेमरी १०६६ पर्यंत.

एल३ कॅश दोघांनाही १२ एमबीच, त्यामुळे तिथून सुटका नाही. कोअर किती आहेत एवढं शोधा. तेच नेमकं सिस्टिमइन्फो सांगत नाही. तिला सॉकेट मोजता येतात, कोअर नाही.

पंख्याचा आवाज

४९,१४१ एमबी म्हणजे ४८ जीबी. एलजीए १३६६ ला प्रत्येक सॉकेटमागे मेमरीचे तीन चॅनल, दोन सॉकेट मिळून सहा. ८ च्या ६ पट्ट्या किंवा ४ च्या १२. त्या काळात २४, ४८, ७२ असले आकडे दिसले की समजायचं तीन चॅनलवालं मशीन. लोखंडरावांच्या निदानाला माझी पुस्ती. नुसत्या मेमरीवरून कोणी पैज लावू नये म्हणा, कारण पट्ट्या कशाही लावणारे महाभाग असतात.

केबलगुंता

हे सगळं एका ओळीतून! __/\__

लॉगिन अजून नाही. पण त्याच फोल्डरमध्ये एका बॅकअप स्क्रिप्टचा जुना लॉग मिळाला. तिने सुरुवातीला 'सेट' कमांडचं सगळं आउटपुट ओतून ठेवलंय. त्यात हे दिसतंय :

नंबर_ऑफ_प्रोसेसर्स = १२
प्रोसेसर_लेव्हल = ६
प्रोसेसर_रिव्हिजन = २सी०२

१२ म्हणजे एक्स५६५० ना? त्याला १२ थ्रेड असतात असं वर लिहिलंय.

जुनं लोखंड

रिव्हिजन बघा, २सी०२. पहिले दोन अंक मॉडेल, शेवटचे दोन स्टेपिंग, दोन्ही हेक्समध्ये. वरचं ४४ आणि २ इथे जसंच्या तसं परत आलं. सिस्टिमइन्फोची फाइल दुसऱ्याच मशीनची असेल ही शंका कमी झाली.

१२ चं मात्र तुम्ही लावलंय तसं नाही. विंडोज तिथे अख्ख्या मशीनचे थ्रेड मोजतं, एका चिपचे नाही. दोन एक्स५६५० आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) चालू असेल तर २४ दिसायला हवेत. दोन ई५६४० असतील तर १६. हायपरथ्रेडिंग बंद असेल तर अनुक्रमे १२ आणि ८. म्हणजे १२ हा आकडा दोन एक्स५६५० आणि हायपरथ्रेडिंग बंद, यालाच बसतो.

तिरकस

किंवा दोन ई५६४०, बायोसमधून प्रत्येकी एक कोअर बंद, हायपरथ्रेडिंग चालू. २ × ३ × २ = १२. किंवा 'एमएसकॉन्फिग'मध्ये कोणीतरी प्रोसेसरची संख्या १२ वर बांधून ठेवलेली. गणित हेही जुळतं.

जुनं लोखंड

जुळतं. कोअर तीनवर आणून ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण तुम्ही म्हणता म्हणून पूर्ण नाही म्हणत नाही. लॉगिन मिळालं की दोन मिनिटांत निकाल लागेल.

घुबड

रात्री उशिरा धागा दिसला, जाता जाता लिनक्सवाल्यांसाठी लिहून ठेवतो. असाच प्रश्न घेऊन आणखी लोक येतील.

'एलएससीपीयू' किंवा प्रॉक फोल्डरमधली 'सीपीयूइन्फो' बघताना 'सीपीयू मेगाहर्ट्झ' या ओळीवर भिस्त ठेवू नका. तो त्या क्षणाचा वेग असतो. एक्स५६५० रिकामा बसलेला असेल तर १६०० च्या आसपास दाखवेल आणि तुम्ही यादीत १.६ चा झिऑन शोधत बसाल. ई५-२६०० वाले तसेच १२०० वर येऊन बसतात. त्यापेक्षा 'बोगोमिप्स' बघा. नाव विनोदी आहे, मोजमाप म्हणूनही फालतू आहे, पण या इंटेल चिपांवर त्याचा अर्धा म्हणजे चिपचा मूळ छापील वेग, चिप झोपलेली असो वा पळत असो. ५३३३ दिसलं तर अर्धा २६६६. नाव लपवलेलं असलं तरी हे सहसा लपवलेलं नसतं.

रूट असाल तर 'डीएमआयडीकोड'चा प्रोसेसरचा भाग काढा. तिथे सॉकेटचं नाव मिळतं, आणि तिरकसच्या शंकेचं औषधही तिथेच आहे : 'कोअर काउंट' आणि 'कोअर एनेबल्ड' या दोन वेगळ्या ओळी असतात. पहिलीत ४ आणि दुसरीत ३ दिसलं तर समजा कोणीतरी बायोसमध्ये हात घातलाय. एकच खबरदारी, तिथल्या 'मॅक्स स्पीड'वर विश्वास नको. ती बरेचदा बोर्डाची मर्यादा असते, चिपची नाही.

मधुमालती_९

धागा छान चाललाय. एक प्रश्न, थोडा वेगळा आहे, चालेल ना? माझ्याकडे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर आहे. 'एलएससीपीयू' म्हणतं : 'इंटेल झिऑन ई३१२एक्सएक्स (सँडी ब्रिज)', मॉडेल ४२. ई३१२एक्सएक्स नावाचा प्रोसेसर कुठल्याच यादीत सापडत नाही. आणि सँडी ब्रिज म्हणजे २०११ चा ना? इतक्या जुन्या मशीनवर ठेवलंय का मला?

घुबड

ते नाव इंटेलचं नाहीच, क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. व्हर्च्युअल मशीनला कोणता प्रोसेसर दाखवायचा याची त्याच्याकडे तयार यादी असते, त्यातल्या 'सँडीब्रिज' या नमुन्याला त्यांनी हे गोळाबेरीज नाव दिलंय. तसंच 'वेस्टमेअर ई५६एक्सएक्स/एल५६एक्सएक्स/एक्स५६एक्सएक्स (नेहालेम-सी)' असंही एक लांबलचक आहे. नावात 'एक्सएक्स' दिसलं की समजायचं हा मुखवटा आहे. फ्लॅगच्या, म्हणजे चिपला काय काय येतं त्याच्या, यादीत 'हायपरव्हायजर' (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) हा शब्दही सापडेल.

मुखवटा घालतात तो फसवायलाच असं नाही. वेगवेगळ्या पिढ्यांच्या मशीनमध्ये तुमचा सर्व्हर चालू अवस्थेत हलवायचा असेल तर सगळ्यांत जे समान आहे तेवढंच दाखवावं लागतं. एकदा एव्हीएक्स२ (नव्या चिपांमधला सूचनांचा संच) दाखवलं आणि उद्या ते नसलेल्या मशीनवर नेलं तर तुमचा प्रोग्रॅम जागीच कोसळेल.

खाली नक्की काय आहे ते आतून खात्रीने कळत नाही. बोगोमिप्सचा अर्धा काढलात तर यजमान मशीनच्या मूळ वेगाचा अंदाज येतो, तोही कोणी मुद्दाम बदललेला नसेल तर. २.५ आला तर ई५-२६७० व्ही२ असू शकतो, तसे आणखी डझनभरही असू शकतात. कंपनीला विचारा, चांगली असेल तर सांगते.

मधुमालती_९

विचारते. मुखवटा आहे कळल्यावर जिवात जीव आला.

शून्यएक

पिढी ओळखायला फ्लॅग हा माझा आवडता रस्ता, कारण तो आकड्यांपेक्षा लक्षात राहतो. इंटेलच्या सर्व्हर चिपांपुरतं :

एसएसई ४.१ आहे पण ४.२ नाही, तर पेनरिनच्या काळातली, झिऑन ५४०० वगैरे. ४.२ आलं की नेहालेम, म्हणजे ५५००. एईएस (एन्क्रिप्शनच्या सूचना) आलं की वेस्टमेअर. एव्हीएक्स आलं की सँडी ब्रिज, ई५ ची पहिली पिढी. एफ१६सी आणि आरडीरँड आले की आयव्ही ब्रिज, व्ही२. एव्हीएक्स२ आलं की हॅसवेल, व्ही३. एडीएक्स आणि आरडीसीड आले की ब्रॉडवेल, व्ही४. एव्हीएक्स-५१२ दिसलं तर स्कायलेक-एसपी किंवा त्यानंतरचं.

त्यात गोम अशी की फ्लॅग असणं हा पुरावा आहे, नसणं हा नाही. बायोस किंवा हायपरव्हायजर झाकून ठेवू शकतो.

पंख्याचा आवाज

यालाच जोडून मॉडेलचे आकडेही एका जागी राहू देत. १५ वूडक्रेस्ट-क्लोव्हरटाउन, २३ हार्परटाउन, २६ नेहालेम-ईपी, ४४ वेस्टमेअर-ईपी, ४५ सँडी ब्रिज-ईपी, ६२ आयव्ही ब्रिज-ईपी, ६३ हॅसवेल-ईपी, ७९ ब्रॉडवेल-ईपी. चार सॉकेटवाल्यांचं बिऱ्हाड वेगळं : २९ डनिंग्टन, ४६ नेहालेम-ईएक्स, ४७ वेस्टमेअर-ईएक्स.

आणि ८५. तिथे सगळे गडबडतात. स्कायलेक-एसपी ८५, कॅस्केड लेक ८५, कूपर लेकही ८५. फरक फक्त स्टेपिंगमध्ये. ४ असेल तर स्कायलेक, ७ असेल तर कॅस्केड लेक, ११ असेल तर कूपर लेक. आपल्या ४४ वाल्या धाग्यात स्टेपिंग शोभेपुरतं होतं, तिथे सगळा निकाल त्यावर लागतो.

तिरकस

४५ लाही स्टेपिंग बघावं लागतं. कोअर आय७-३९३०के सुरुवातीला सी१ मध्ये आला, म्हणजे स्टेपिंग ६, त्यात व्हीटी-डी बिघडलेलं होतं. सी२ मध्ये, म्हणजे ७ मध्ये दुरुस्त झालं. व्हर्च्युअल मशीनला ग्राफिक्स कार्ड थेट जोडणाऱ्यांनी एवढं पाहूनच चिप उचलावी.

केबलगुंता

लॉगिन मिळालं! आधी टास्क मॅनेजर उघडला, तर त्यात प्रोसेसरचं नावच नाही.

जुनं लोखंड

२००८ आर२ च्या टास्क मॅनेजरमध्ये ते नव्हतंच. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून आलं. 'रन'मध्ये जाऊन 'एमएसइन्फो३२' चालवा. नाव सिस्टिमइन्फोची बहीण वाटावी असं आहे, पण ही कोअरही सांगते. नाहीतर कमांड लाइनवर 'डब्ल्यूएमआयसी सीपीयू'ला नाव, कोअर, लॉजिकल प्रोसेसर, एल२, एल३ आणि प्रोसेसरआयडी विचारा. नव्या विंडोजमधून डब्ल्यूएमआयसी काढून टाकत आणलंय, तिथे पॉवरशेलने विचारावं लागतं. तुमच्या म्हाताऱ्याकडे अजून आहे.

केबलगुंता

घ्या :

नाव : इंटेल(आर) झिऑन(आर) सीपीयू           एक्स५६५०  @ २.६७गीगाहर्ट्झ
कोअर : ६
लॉजिकल प्रोसेसर : ६
एल२ : १५३६
एल३ : १२२८८
प्रोसेसरआयडी : बीएफईबीएफबीएफएफ०००२०६सी२

दुसऱ्या सॉकेटचंही हेच, अक्षर न् अक्षर. नावात मधे एवढी मोकळी जागा का आहे? आणि दोघांचा आयडी एकच कसा? चिप नकली तर नाहीत ना? आमच्या मालमत्तेच्या नोंदीत हाच आयडी 'सीरियल नंबर' म्हणून लिहिलाय, आणि तिथे अशाच आयडीची आणखी मशीनं आहेत.

जुनं लोखंड

दोन एक्स५६५०, हायपरथ्रेडिंग बंद. तिरकस, कोअर सहा आहेत, तीन नाहीत. :)

मोकळी जागा कंपनीतूनच आलेली. नावासाठी चिपमध्ये ४८ अक्षरांची जागा असते, त्या काळात मधे असे रिकामे घर सोडून नाव भरायचे. तुम्ही स्क्रिप्टमध्ये नाव जुळवणार असाल तर आधी फालतू स्पेस काढून टाका, नाहीतर 'सीपीयू एक्स५६५०' शोधूनही सापडणार नाही.

एल२ पाहिलंत? १५३६. कोअरमागे २५६ केबी, गुणिले सहा. ई५६४० असता तर १०२४ दिसलं असतं. कोअरची ओळ नसती तरी इथून सुटलं असतं.

आता आयडी. हा सीरियल नंबर नाही, कधीच नव्हता. १६ अंक आहेत, दोन भाग करा. उजवीकडचे आठ : ०००२०६सी२. उजवीकडून डावीकडे वाचा. २ स्टेपिंग. सी मॉडेलचा खालचा अंक, म्हणजे १२. ६ फॅमिली. मग एक शून्य. मग २, हा मॉडेलचा वरचा अंक. वरच्याला १६ ने गुणून खालचा मिळवायचा : २ × १६ + १२ = ४४. तुमच्या पहिल्या पोस्टमधली ओळ म्हणजे हेच, उलगडून लिहिलेलं. डावीकडचे आठ अंक म्हणजे चिपला काय काय येतं त्याच्या खुणा. एकाच स्टेपिंगच्या आणि सारख्याच सोयी असलेल्या सगळ्या चिपांचा आयडी सारखाच येणार. लाखोंनी असतील.

खरा सीरियल नंबर सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी सोय इंटेलने १९९९ मध्ये पेंटियम ३ ला दिली होती. खासगीपणावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्या चिपांमध्ये ती ठेवलीच नाही. मालमत्तेच्या नोंदीत चेसिसचा किंवा बोर्डाचा नंबर घाला, हा रकाना पुसून टाका.

शून्यएक

हा गोंधळ फार ठिकाणी आहे. लायसन्स बांधायला हाच 'आयडी' वापरणारी सॉफ्टवेअरं पाहिली आहेत. एका मशीनचं लायसन्स दुसऱ्या जुळ्या मशीनवर बिनबोभाट चालतं, आणि विकणाऱ्याला वाटतं आपण कुलूप घातलंय.

केबलगुंता

लोखंडराव, दंडवत. आता मूळ मुद्दा : ईएसएक्सआय चालेल का?

पंख्याचा आवाज

६.७ चालेल, ७.० नाही. ७.० च्या वेळी व्हीएमवेअरने ज्यांचा आधार काढला त्यांत 'फॅमिली ६, मॉडेल २सी' असं स्पष्ट लिहिलंय, २एफ पण. तुमच्या लॉगमधली रिव्हिजन आठवा, २सी०२. तेच हे २सी. आणि ६.७ चा सर्वसाधारण सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला, त्यामुळे इंटरनेटला जोडलेल्या कामासाठी तो रस्ता धरू नका. टेस्टिंगलाच वापरायचंय तर प्रॉक्समॉक्स टाका किंवा साधं लिनक्स आणि केव्हीएम. व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारं व्हीटी-एक्स आहे, चालेल.

घुबड

आत काय चालेल तेही आधी ठरवा. वेस्टमेअरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट आहे, म्हणजे एक्स८६-६४-व्ही२ ची पायरी तो चढतो, म्हणून रेड हॅट ९ बसेल. रेड हॅट १० ला व्ही३ लागतं, त्यात एव्हीएक्स२ आलं, म्हणजे हॅसवेलच्या आधीचे सगळे बाद. मोंगोडीबी ५.० पासून पुढे एव्हीएक्स मागतं, तेही नाही. टेन्सरफ्लोच्या तयार बायनऱ्यांचं १.६ पासून तसंच. असं काही टाकलंत की इन्स्टॉल सुरळीत होतं आणि सुरू करताना 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतं. मग लोक मेमरीच्या पट्ट्या बदलत बसतात.

केबलगुंता

मोंगो लागणारच आहे. जुनी आवृत्ती चालेल आम्हाला, टेस्टिंगच आहे.

हायपरथ्रेडिंग चालू करू का? कोणी आणि का बंद केलं असेल?

तिरकस

का बंद केलं ते बंद करणाऱ्यालाच माहीत. २०१८ मध्ये एल१टीएफ ही इंटेल चिपांमधली सुरक्षेची त्रुटी उघडकीला आली तेव्हा हायपरव्हायजर चालवणाऱ्या अनेकांनी बंद केलं होतं, कारण एकाच कोअरवरचे दोन थ्रेड एकमेकांच्या एल१ कॅशमध्ये डोकावू शकतात. त्याआधी एखाद्या डेटाबेसवाल्याच्या सांगण्यावरूनही केलेलं असेल. तुमच्या आत सगळी आपलीच मशीनं असतील, परक्या कोणाला त्यावर काही चालवता येत नसेल, तर चालू करा. १२ चे २४ दिसतील, काम दुप्पट होणार नाही.

ठोकळा

धाग्यावर थोडं अतिक्रमण करतो. माझ्याकडे एएमडी ऑप्टेरॉन ६२७२ आहे, चार सॉकेट. कागदावर १६ कोअरची चिप. लिनक्स म्हणतं सॉकेटमागे ८ कोअर आणि कोअरमागे २ थ्रेड. आठ कोअरची चिप गळ्यात मारली का मला? वर न्यूमा नोड (प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी यांचे गट) ८ दाखवतंय, सॉकेट चारच असताना.

पंख्याचा आवाज

चिप बरोबर आहे. ती बुलडोझर पिढीची, फॅमिली २१ मॉडेल १, इंटरलागोस. त्यात दोन कोअर मिळून एक मॉड्यूल, फ्लोटिंग पॉइंटचा भाग दोघांत सामाईक. एएमडी त्यांना दोन कोअर म्हणतं, लिनक्स त्या जोडीला एका कोअरचे दोन थ्रेड धरतं. ८ × २ = १६, चार सॉकेटचे ६४. आणि एका पॅकेजमध्ये दोन सिलिकॉनचे तुकडे असतात, प्रत्येकाला स्वतःची मेमरी, म्हणून न्यूमा नोड आठ. सगळं जागच्या जागी आहे.

ठोकळा

धन्यवाद! विक्रेत्याला लिहिलेली खरमरीत मेल ड्राफ्टमधून उडवली.

शून्यएक

एक प्रकार राहिला. नाव म्हणून 'जेन्युइन इंटेल(आर) सीपीयू ००००' आणि पुढे नुसता वेग आला तर ती बहुधा इंजिनिअरिंग सँपल, म्हणजे विक्रीआधीची चाचणीची चिप असते. झाकणावरचा कोड बघितला तर विक्रीच्या चिपवर 'एस'ने सुरू होणारा असतो, एक्स५६५० वर उदाहरणार्थ 'एसएलबीव्ही३'. सँपलवर 'क्यू'ने सुरू होतो. झाकण काढता येत नसेल तर स्टेपिंग : मॉडेल ६३ मध्ये विक्रीला आलेल्या हॅसवेल-ईपी चिपा स्टेपिंग २ दाखवतात, ० किंवा १ दिसलं तर सँपल समजा. बायोसने ओळखलं नाही, मायक्रोकोड मिळाला नाही, तर मग तक्रार करायला जागा नसते.

केबलगुंता

शेवटचं विचारतो. वर एईएस वेस्टमेअरपासून आलं असं म्हटलंय. डिस्क एन्क्रिप्ट करायची आहे म्हणून सिसइंटर्नल्सचं 'कोअरइन्फो' चालवून पाहिलं. एसएसई ४.२ समोर चांदणी आहे, एव्हीएक्स समोर आडवी रेघ आहे, ते कळलं. पण एईएस समोरही आडवी रेघच आहे. एक्स५६५० ला एईएस असतं ना?

जुनं लोखंड

असतं. तुमच्याकडे बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं दिसतंय, त्या काळच्या कित्येक बोर्डांवर तो पर्याय वेगळा यायचा. प्रोसेसर कॉन्फिगरेशनच्या पानावर 'एईएस-एनआय' शोधा, हायपरथ्रेडिंगचाही सहसा तिथेच असतो. व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी पण त्याच फेरीत बघून घ्या, परत मशीन बंद करायची परवानगी मागायला लागू नये. चालू करून आलात की कोअरइन्फोचं आउटपुट इथे टाका.